उजव्या गालावरचं शून्य

वजनमापांचे निरीक्षक उभ्या नोकरीत एकदाही हसले नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की निरीक्षक हसला की दुकानदाराला वाटतं जमलं, आणि मग तो काट्याखालचं चुंबक काढायचं सोडून चहा मागवतो. म्हणून कामावर कोरा चेहरा. रोज संध्याकाळी तो बदलायचा कोण उपद्व्याप करणार, म्हणून घरीही तोच. बायकोनं सुरुवातीची काही वर्षं वाट पाहिली आणि मग नाद सोडला.

अशा माणसाच्या चेहऱ्याची डावी बाजू एका सकाळी लुळी पडली, तेव्हा घरात कुणाच्या चटकन लक्षातही आलं नाही. चहा ओठाच्या कोपऱ्यातून शर्टावर ओघळला तेव्हा कुठे बायकोनं नीट निरखून पाहिलं.

महिने गेले तरी गाल काही उठेना. डावा डोळा रात्री पट्टी लावून मिटावा लागे. शेवटी सर्जननं सांगितलं, की गालाला करंट देऊ आणि त्याच वेळी स्नायू स्वतःहून काही करतोय का ते मोजू. डावीकडे स्वतःची एवढीशी जरी हालचाल दिसली, तर मज्जातंतू परत येतोय असं समजायचं. नाहीतर ऑपरेशन, पायातली नस काढून गालात. ऑपरेशनच्या नावानं निरीक्षकांची पाचावर धारण बसली होती, पण ते लोकांना कळायला चेहरा लागतो.

तपासणीला बायको आली आणि तिचा धाकटा भाऊही आला. हा मेहुणा सदा दात काढणारा. भुलीची सुई न घेता दाढ कशी उपटून घेतली, ही गोष्ट त्यानं बाहेरच्या बाकावर सगळ्या पेशंटना ऐकवली होती.

थेरपिस्ट मुलीनं दोन्ही गालांवर पॅड चिकटवले.

"या मशीनची तपासणी कधी झाली?" निरीक्षकांनी विचारलं.

"झालीय हो काका. मागे स्टिकर आहे."

निरीक्षक वायरींसकट उठले, मशीनच्या मागे जाऊन स्टिकर वाचून आले आणि मगच बसले. करंट सुरू झाला. डाव्या ओठाचा कोपरा टुणटुण उडायला लागला आणि पडद्यावर उंच उंच खांब उभे राहिले.

"केवढे मोठे!" बायको हरखली.

"ते करंटचे आहेत काकू, यांचे नाहीत. दोन खांबांच्या मधे गवतासारखं बारीक काही उगवलं, तर ते काकांचं. काका, करंटबरोबर आता तुम्हीही हसा."

निरीक्षक हसले. म्हणजे त्यांच्या मते हसले. डावीकडे गवताची काडी नाही. थेरपिस्टनं उजव्या गालाची रेघ पाहिली. धडधाकट गाल, आणि रेघ सपाट. तिनं पॅड बदलले, वायर बदलली. तरी सपाट.

"वायर बरोबर आहे गं," बायको म्हणाली. "तो गाल पहिल्यापासूनच असा आहे."

"अहो पण काका जोरच लावत नसतील तर मला कळणार कसं? असाच रिपोर्ट गेला तर सर्जन ऑपरेशनच सांगतील."

निरीक्षकांनी मशीनकडे बोट केलं. "मशीन चुकतंय," ते म्हणाले. "काटा तपासायचा तर त्यावर खात्रीचं वजन ठेवतात. दुसऱ्या कुणाला लावून दाखवा."

खात्रीचा हसरा चेहरा खोलीत एकच होता. मेहुण्यानं खुर्ची पुढे ओढली. "लावा हो बिनधास्त. आपल्याला करंटबिरंट काही वाटत नाही."

निरीक्षकांचे पॅड तसेच ठेवून तिनं मेहुण्याच्या गालावर आणखी दोन लावले.

"आधी शून्य दाखवा," निरीक्षकांनी बजावलं.

तिनं बटण दाबलं. मशीन 'टुक्' म्हणालं मात्र, मेहुण्यानं खुर्चीचे हात गच्च धरले आणि तोंड कानापर्यंत ओढलं. "बास! बास! ताई, गाल गेला माझा! करंट फार आहे गं!"

ताई धावली. पडद्यावर त्याच्या रेघेवर गवताचं रान माजलं होतं. निरीक्षक पुढे वाकून पाहत राहिले.

"खांब कुठायत?"

"कसले खांब, भावोजी?" मेहुणा वाकड्या तोंडानंच म्हणाला.

"करंटचे. एकही खांब नाही. करंट सुरूच झालेला नाही. हे सगळं तुझंच आहे."

"शून्य दाखवत होते ना मी, सगळा करंट बंद करून," थेरपिस्ट म्हणाली.

मेहुण्याचं तोंड हळूहळू सरळ झालं. "नाही, म्हणजे... येतोय असं वाटलं."

काटा मारणारे निरीक्षकांनी खूप पकडले होते. पण रिकाम्या पारड्यात इतकं वजन दाखवणारा पहिल्यांदाच सापडला होता, आणि तोही सख्खा मेहुणा. पोटातून काहीतरी वर आलं. त्यांनी सवयीनं ते दाबलं, ते नाकातून सुटलं, आणि मग निरीक्षक जे हसत सुटले ते आवरेचनात. अर्ध्या तोंडानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"थांबू नका! हसा काका, हसा!" थेरपिस्ट ओरडली. निरीक्षकांच्या उजव्या रेघेवर रान उठलं होतं. आणि खाली डाव्या रेघेवर, विरळ, कोवळं, पण होतं. "काकू, हे बघा! करंट बंद आहे. हे त्यांचं स्वतःचं आहे. ऑपरेशनचं आता कुणी नाव काढणार नाही!"

काकूंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या. उजवा गाल वर चढला होता आणि डोळ्याशेजारी त्यांनी कधी न पाहिलेल्या सुरकुत्या पडल्या होत्या. त्यांना फार आनंद झाला, आणि त्या आनंदातच त्यांचं डोकं फिरलं.

"म्हणजे येत होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

निरीक्षकांचं हसू ओसरलं. "अगं, नोकरीच तशी..."

"मी कुठं दुकान थाटलं होतं?"

मग निरीक्षकांनी बायकोकडे पाहिलं आणि कुणी न सांगता, कशावरही न हसता, जमेल तेवढे ओठ ताणले. ते हसू एका अंगाला कललेलं, बिचकलेलं होतं, पण चांगलं टिकलं.

"काका, दोन्हीकडे येतंय!" थेरपिस्ट म्हणाली.

"ते मशीन बंद कर गं बाई," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "हे मोजायचं नाहीये."

तिनं पडदा भिंतीकडे वळवला. मोजणी मात्र चालूच ठेवली, कारण रिपोर्टला ती लागणारच होती.