पाहुण्यांना प्रथम देण्याचा प्रघात

'आपल्याच राज्यात पाहुणे व्हा' असे त्या मोहिमेचे नाव होते. ज्या राज्यात माणूस जन्मला, ज्याच्या रस्त्यांवरचे खड्डे त्याला तोंडपाठ आहेत, त्याच राज्यात त्याने सुटीच्या दिवशी परक्यासारखे हिंडावे, परक्यासारखे खावे, परक्यासारखी खरेदी करावी आणि घरी परतताना किंचित हळवे व्हावे, असा पर्यटन खात्याचा संकल्प होता. त्यासाठी एका जुन्या धान्यगोदामाला मातीसारखा दिसणारा रंग देऊन त्याचे 'राज्यदालन' करण्यात आले. आत चाळीस गाळे, मध्यभागी करमणुकीचा मंच आणि प्रत्येक खांबावर ध्वनिवर्धक. प्रत्येक गाळ्यावर निदान एक तरी वस्तू अस्सल असली पाहिजे असा नियम होता, आणि अस्सल म्हणजे माझ्या बोलीकोशात नोंद असलेली. ती तपासून दाखल्यावर सही करणाऱ्या अस्सलता समितीचा मी एकमेव सदस्य होतो. एका माणसाची समिती कशी असू शकते, असे मी विचारले होते. खात्याचे उपसंचालक म्हणाले, एकमत व्हायला बरे पडते.

त्या शनिवारी सकाळी आम्ही दोघे पाहणीला निघालो. टोपल्यांच्या गाळ्यावर यंत्रावर विणलेल्या टोपल्या होत्या आणि प्रत्येक टोपलीच्या काठावरची एक काडी उसवलेली होती. प्रत्येक टोपलीची, त्याच जागची. हातकाम वाटावे म्हणून, असे विक्रेतीने मोकळेपणाने सांगितले. तिच्यावर मला रागावता आले नाही, कारण सबंध दालनात खरे बोलणारी तोवर ती एकटीच भेटली होती. मंचावर 'कापणीचे नृत्य' चालले होते. महिन्यापूर्वी ते अस्तित्वात नव्हते. पुढच्या रांगेतल्या तरुणाने विळ्याची धार स्वतःच्या गुडघ्याकडे केली होती आणि तो हसत होता. खाद्यगाळ्यांवर बारा जिल्ह्यांच्या बारा पाट्या होत्या आणि मागच्या एकाच मुदपाकखान्यातून आलेले एकच तेल बाराही कढयांत तापत होते. त्या तेलाचा वास कपड्यांना नव्हे, थेट दातांना चिकटत होता. माणसे मात्र खात होती, एका हाताने खाताना दुसऱ्या हाताने त्या खाण्याचे फोटो काढत होती आणि आपल्या मातीची चव काही वेगळीच, असे एकमेकांना बजावत होती.

प्रवेशद्वाराशी प्रत्येकाला तांब्याच्या पेल्यात एक स्वागतपेय मिळत असे. करडे, दाट, वर सायीचा गोळा. मी एक घोट घेतला. खळीत साखर घालून कोणी कोमट केली तर जे होईल ते ते होते. घशाखाली उतरायला त्याची तयारी नव्हती आणि तोंडात राहायलाही लाज वाटत नव्हती. शेजारी पुरुषभर उंचीचा फलक होता:

'निपटवणी, स्त्री. दाट, पौष्टिक पेय. पाहुण्यांना प्रथम देण्याचा प्रघात. घरची माणसे त्यानंतर जेवतात. अनोळखी व्यक्तीस चाखू देण्यास गृहिणी संकोच करतात.'

खाली माझे नाव होते.

इथे एक कबुली देणे भाग आहे. तोंडात ती खळ असतानाही तो फलक वाचून मला बरे वाटले. तीस वर्षांपूर्वीची ती नोंद माझ्या कोशातली पहिली स्वतंत्र नोंद. 'वणी' म्हणजे पाणी. 'निपटणे' म्हणजे तळ खरवडून घेणे. त्यावरून आटवून आटवून तळाशी उरलेला अर्क, अशी व्युत्पत्ती मी दिली होती. तिचे कौतुक झाले होते. पेय भिकार असले तरी व्याख्या निर्दोष आहे, असे मी उपसंचालकांना ऐकवलेही. ते म्हणाले, "सर, व्याख्येवरच तर टेंडर काढलं."

अकरा नंबरचा गाळा माझ्या आत्तेबहिणीचा. तिला मी आक्का म्हणतो. ती मला लहानपणापासून शब्दोबा म्हणते, आणि त्यात कौतुक किती व कुचेष्टा किती हे तिने कधी उघड केलेले नाही. बसआगाराच्या समोर एका खोलीत तिची खानावळ सव्वीस वर्षे चालली. भाज्यांचा पातळ रस्सा, पाव, कांदा. चालक, वाहक आणि गाडी चुकलेले प्रवासी. निपटवणीची नोंद जिच्याकडून मिळाली त्या बाईचीच ही मुलगी, हे खात्याला माझ्या कोशाच्या टिपांतून समजले, आणि तिला दालनात गाळा देण्यात आला; खोली सोडून ती इथे आली. अट एकच, निपटवणी विकायची. सहा महिने 'उद्या करते, परवा करते' म्हणून तिने टोलवले होते आणि रस्साच विकला होता. आता मुदत संपली होती. आज माझी सही झाली नाही तर सोमवारी गाळा रिकामा करायचा, असे पत्र तिच्या गल्ल्याशेजारी टाचणीला लावलेले होते.

गाळ्याच्या भिंतीवर आत्याचा फोटो होता. चौकट खात्याची, आणि खालच्या ओळीही खात्याच्याच: 'या माउलीच्या हातची निपटवणी पिऊन पाहुणे तृप्त होत.'

उपसंचालकांना फोन आला म्हणून ते खांबाआड गेले. आक्काने हात पुसले आणि मला बाकावर बसायला सांगितले. ती मला म्हणाली की सही करू नकोस.

मला वाटले, तिला कृती येत नसावी. मी तिला धीर दिला; आत्या जशी करायची तशी कर, मुदपाकखान्यातल्या त्या खळीपेक्षा काहीही बरेच होईल, असे म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले. बसआगारासमोर सव्वीस वर्षे काढलेल्या बाईची ती नजर होती. चुकीच्या गाडीत चढून बसलेला प्रवासी तिला लांबूनही ओळखू येतो.

"तुला खरंच माहीत नाही?" तिने विचारले. "आमच्या घरी पाहुणे कुणाला म्हणायचे?"

मी म्हणालो, पाहुण्यांना.

"डुकरांना," आक्का म्हणाली. "नाल्यापलीकडची दोन डुकरं यायची रोज तिन्हीसांजेला. मागच्या दारात उभी राहायची. वेळेवर दिलं नाही तर परसातला सगळा भाजीपाला उकरायची. म्हणून आई आधी त्यांना द्यायची, मग आम्हाला वाढायची. भांडी निपटून धुतलेलं पाणी. बाबाच त्यांना पाहुणे म्हणायचे, जावयासारखी वेळेवर येतात म्हणून."

मंचावर टाळ्या पडल्या. मला नोंद घेतल्याचा तो दिवस आठवला. माझे शिक्षण सगळे वसतिगृहात झाले होते; आत्याच्या घरचे विनोद कळण्याइतका मी त्या घरी कधी राहिलोच नव्हतो. मी माझ्या मार्गदर्शकांना घेऊन न सांगता तिथे गेलो होतो, कारण आप्ताच्या घरी निवेदक, म्हणजे शब्द सांगणारा माणूस, फुकट आणि विश्वासू मिळतो, असे त्यांचे मत होते. आत्या मागच्या दारात बादली घेऊन उभी होती. त्यांनी वही उघडून विचारले, हे काय. ती म्हणाली, निपटवणी. कोणाला देता? पाहुण्यांना. घरच्यांच्या आधी? आधीच द्यावी लागते, ती म्हणाली, दारात येऊन उभे राहतात, मग आम्हाला कुठला घास गोड लागायला. मार्गदर्शकांचे डोळे पाणावले. आम्हालाही थोडी द्या, असे ते म्हणाले, तेव्हा आत्याने बादली पदराआड घेतली आणि तुम्हाला नको, असे तीनदा म्हणाली. त्यांनी माझ्या कानात सांगितले, लिहून घे, संकोच.

म्हणजे ती बाई एक अक्षरही खोटे बोलली नव्हती. तिच्या प्रत्येक वाक्याला आम्ही आमच्या विद्वत्तेचा चष्मा चढवला, आणि बादलीत डोकावून पाहण्याची तसदी दोघांपैकी एकानेही घेतली नाही. मघाचा पेला मी पुन्हा डोळ्यांपुढे आणला. या वेळी त्यात खात्याचा वाटा नव्हता. ती माझीच पाककृती होती. सकाळपासून मी त्या उसवलेल्या काड्यांवर, त्या उलट्या विळ्यावर मनातल्या मनात किती टिपा लिहिल्या होत्या. मी तर एक सबंध शब्द उसवून ठेवला होता, आणि तीस वर्षे त्याला कोणी हात लावला नव्हता.

तू इतकी वर्षे बोलली का नाहीस, असे मी विचारले. तुझा जाड कोश कोण वाचतो, असे ती म्हणाली. हा फलक लागला तेव्हा तिला कळले. मग ती फोटोकडे न बघता म्हणाली, "गाळा गेला तर जाऊ दे. पण आईच्या फोटोखाली उभी राहून मी माणसांना डुकरांचं वाढणार नाही. तिनं दारात आलेल्याला कधी उष्टंसुद्धा दिलं नाही, शब्दोबा. आणि तुझ्या पुस्तकात ती जगाला धुवण पाजतेय."

उपसंचालक परत आले. त्यांनी दाखला माझ्यापुढे ठेवला आणि पेनाचे टोपण स्वतः काढून दिले. नोंद दाखल्यावर छापलेलीच होती. मी ती आडव्या रेघेने खोडली आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिले: 'निपटवणी, स्त्री. खरकटी भांडी निपटून धुतलेले पाणी. डुकरांना देतात. पूर्वीची नोंद चुकीची. चूक कोशकाराची, निवेदिकेची नव्हे.' आणि सही केली. आयुष्यात इतकी अचूक व्याख्या मी लिहिलेली नाही.

उपसंचालकांनी ती दोनदा वाचली. मला वाटले, ते हादरतील. ते फक्त विचारात पडले, आणि सरकारी माणूस विचारात पडला की त्यातून काय निघेल हे सांगता येत नाही.

"सर," ते म्हणाले, "अर्थ बदलतात हे तुम्हीच तर प्रस्तावनेत लिहिलंय. जुना अर्थ तुमचा, नवा आमचा. दिवसाला बाराशे पेले जातात. बाराशे माणसांचं चुकतं का?"

मी म्हणालो, बाराशे माणसे रोज काय पितात हे त्यांना सांगून पाहा आणि मग मोजा. ते समजूतदारपणे हसले. उलट ही तर फार मोठी गोष्ट आहे, असे त्यांचे म्हणणे पडले; आपल्या पूर्वजांनी काहीच वाया घालवले नाही, धुवणाचे पाणीसुद्धा. हे फलकावर घालता येईल. डुकरांचा उल्लेख तेवढा गाळू.



ठीक आहे, मी म्हणालो, पण ही बाई ते विकणार नाही. तिचा दाखला मी तिच्या रश्श्यावर देतो. सव्वीस वर्षे ती तो करते, तिच्या आधी तिची आई करत असे. सबंध दालनात त्याहून अस्सल काहीही नाही. उपसंचालकांनी पिशवीतून माझाच बोलीकोश काढला आणि शांतपणे विचारले, कोणत्या पानावर? मी पाने उलटली. उगाच उलटली, मला ठाऊक होते. त्या दिवशी बादली घेऊन परत आल्यावर आत्याने आम्हा दोघांना आत बसवून तोच रस्सा वाढला होता. मार्गदर्शकांनी तो दोनदा मागून घेतला, मी तीनदा. खाताना हात ओले होतात म्हणून आम्ही वह्या मिटून बाजूला ठेवल्या होत्या. साडेचार हजार नोंदींच्या कोशात तो नाही.

"नाव काय याचं?" उपसंचालकांनी पातेल्याकडे बोट करून आक्कालाच विचारले. त्यांच्या परीने ते मदत करत होते. नाव मिळाले असते तर त्यांनी पुरवणीत घालून घेतले असते.

"जेवण," आक्का म्हणाली.

असा शब्द कोशात होता, पण तो सर्वसामान्य असल्यामुळे अपात्र ठरला.

तिने स्टुलावर चढून फोटो उतरवला. चौकट खात्याची होती म्हणून मागच्या खिळ्या वाकवून आतला फोटो तेवढा काढून घेतला, आणि रिकामी चौकट खालच्या ओळींसह उपसंचालकांच्या हातात दिली. त्यांनी ती कुठे ठेवावी हे न सुचून काखेत धरली. बाहेर जाताना मी फलकापाशी थांबलो. खिशातले पेन काढून 'पाहुण्यांना' या शब्दाखाली रेघ मारली आणि समासात लिहिले, 'म्हणजे डुकरांना'. रांगेतल्या एका गृहस्थाने ते मोठ्याने वाचले, बायकोला दाखवले, दोघे खूप हसले आणि त्यांनी पेले पुढे केले. पुढच्या आठवड्यात तो मजकूर पुसण्यात आला. माझी समिती त्याआधीच, एकमताने, बरखास्त झाली होती. कोशाच्या प्रकाशकाला पाठवलेल्या शुद्धिपत्रावर, पुढील आवृत्ती निघाल्यास विचार करू, असे उत्तर आले आहे.

आगारासमोरची खोली आक्काला परत मिळाली. तिथे मधल्या काळात कोणी आले नव्हते. पहिल्याच रविवारी मी गेलो. दुपारची वेळ, सगळी बाके भरलेली, तीन चालक भिंतीला टेकून उभ्यानेच खात होते. पातेल्यामागच्या भिंतीवर आत्या होती, बिनचौकटीची. मी दारातच घुटमळलो. आत जाण्याचा मला कितपत अधिकार उरला होता, याचा निकाल लागत नव्हता.

आक्काने मान वर केली. तिने मला पाहिले, पळी पातेल्यात बुडवली आणि सगळ्या खानावळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "या, पाहुणे."

त्या घरात या शब्दाचा अर्थ काय, हे मला आता नीट ठाऊक होते. मी आत गेलो, एका वाहकाने सरकून दिलेल्या जागेत बसलो, आणि तिने घरच्यांच्या आधी माझ्यापुढे ठेवलेली वाटी तळापर्यंत निपटून खाल्ली.