साच्यावरचं बोलणं

गाणं संपलेलं नसताना टाळ्या वाजवायच्या, हे कुठलं वागणं? वाजवायच्या तर निदान हळू तरी! गायिका कडव्याच्या मधे डोळे मिटून थांबली होती, व्हायोलिनवाल्यानं गज हवेत धरला होता, सगळं सभागृह श्वास रोखून बसलं होतं, आणि आमची कांडी तेवढी एकटी हात वर करकरून टाळ्या पिटत होती. वर माझ्याकडे बघून मान उडवत होती, तूही वाजव म्हणून.

पुढच्या रांगेतली माणसं वळली. एका चष्मेवाल्यानं तोंडावर बोट ठेवलं. गायिकेनं डोळे उघडून आमच्या बाजूला पाहिलं आणि मगच पुढची ओळ उचलली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी कांडीच्या मांडीला सणसणीत चिमटा काढला.

"अजून संपलं नाही, मेले!" मी म्हटलं. म्हणजे आवाज न काढता, नुसत्या ओठांनी.

हे आमचं जुनं बोलणं. कापडाच्या गिरणीत आम्ही दोघींनी सव्वीस वर्षं शेजारशेजारच्या साच्यांवर, म्हणजे मागांवर, काढली. दोनशे साचे एकदम चालायला लागले, सूत नेणारे धोटे या टोकाचे त्या टोकाला आपटायला लागले, की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी शब्द पोचायचा नाही. म्हणून साच्यावरच्या बायका आवाज गिळून बोलायच्या. ओठ जरा जास्त हलवायचे, भुवया उडवायच्या, झालं. आमच्यावर देखरेख करणाऱ्या जॉबरच्या नाकासमोर उभं राहून त्याच्या टकलाबद्दल आम्ही काय काय बोललोय, ते त्याला कळलं असतं तर दोघी एकाच दिवशी घरी बसलो असतो. त्याच्या तंबीला माना डोलवायच्या आणि त्याचीच थट्टा करायची.

गिरणी बंद झाली, बोलणं तसंच राहिलं. घरात सुना वावरत असतात, प्रत्येक शब्द त्यांच्या कानावर कशाला घालायचा? माझ्या घरात मला विचारल्याशिवाय भांडंसुद्धा जागचं हलत नाही. पण कांडी आली, की आम्ही दोघी मोरीशेजारी पाट टाकून बसतो आणि तोंडं हलवतो, आणि मधेच फस्सकन हसतो. धाकटी सून म्हणते, "आई, काचेच्या पेटीतल्या माशांसारख्या दिसता तुम्ही." दिसू देत.

कांडी हे तिचं गिरणीतलं नाव. धोट्यात सुताची कांडी असते, तेवढी ती बारीक. ती मला मुकादमीण म्हणते. मी कधीच मुकादम नव्हते, पण तिला कोण सांगणार?

कार्यक्रमाची तिकिटं तिनंच आणली होती. या गायिकेची गाणी आमच्या तरण्या वयातली. साच्यावर उभ्याउभ्या आम्ही ती नुसत्या ओठांनी म्हणायचो. दुपारचा कार्यक्रम, म्हणून जेवून लगेच निघालो. बसमधे आमची धमाल चालली होती. समोरच्या सीटवर एक गृहस्थ बसला होता, केस काळेभोर आणि कानामागचं कातडंही काळंभोर.

"शाई सांडली का गं याच्यावर?" कांडीनं ओठांनी विचारलं.

"सांडली नाही, बायकोनं ओतली," मी म्हटलं. "दौत फेकून मारायची होती, नेम चुकला."

कांडी पदर तोंडात कोंबून हसली. त्या गृहस्थानं वळून पाहिलं, तर दोन पोक्त बायका मुकाट्यानं खिडकीबाहेर बघतायत.

आत गेल्यावर मात्र माझा पारा चढायला सुरुवात झाली. जागा अगदी कडेच्या, कपाटाएवढ्या कर्ण्याला लागून. तिथून गायिका नुसती एका बाजूनं दिसायची. मी म्हटलं, "मधल्या मिळाल्या नाहीत का? इथे कानांचे पडदे फाटायचे."

"याच हव्या होत्या," कांडी म्हणाली. "मुद्दाम मागून घेतल्यात."

आणि एवढं करून, टाळ्या नको तिथे.

मध्यंतरात मी तिच्याशी बोलतच नव्हते. चहाच्या खिडकीपाशी बायका-माणसांची रेटारेटी होती. कांडी काचेच्या बरणीत डोकं घातल्यासारखी वाकून बिस्किटं निवडत होती. चहावाली तिच्या पाठीमागून कप घेऊन आली.

"आजी, साखर घालू?"

कांडी बिस्किटंच बघत होती.

"अहो आजी, साखर घालायची का?" तिनं आणखी एकदा विचारलं, चांगलं मोठ्यानं. मग मला म्हणाली, "ऐकू येत नाही वाटतं यांना."

"तिला सगळं ऐकू येतं," मी तिला झापलं. "तुलाच बोलायचं वळण नाही. घाल दोन चमचे आणि हो बाजूला."

ती पुटपुटत गेली. मी मात्र तिथेच उभी राहिले.  मी कांडीच्या मागे, हातभर अंतरावर होते. मी घसा साफ केला आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हटलं, "तुझा नवरा आधी मला बघायला आला होता. मी नकार दिला, म्हणून तुझ्या गळ्यात पडला."

आजूबाजूचे दोघेतिघे हसले. कांडीला तिच्या नवऱ्याबद्दल कुणी अर्धा शब्द बोललेला खपत नाही. तो जाऊन नऊ वर्षं झाली, तरी अजून त्याच्यासाठी भांडते. तिनं बरणीतून दोन बिस्किटं काढली, वळली, मला बघून हसली आणि ओठांनी म्हणाली, "खारी की गोड?"

मी तिचा दंड धरून तिला जिन्यापाशी नेलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

काय कधीपासून, असं तिनं म्हटलं नाही. बिस्किटं रुमालात गुंडाळली आणि ती पायरीवर बसली.

"उजवा चार वर्षांपूर्वीच गेला. डावा मागच्या थंडीत. डॉक्टर म्हणाला, साच्यांनी खाल्ला, हळूहळू. यंत्र लावून बघितलं. नुसती खरखर येते, माणूस येत नाही."

"आणि कुणाकुणाला माहीत आहे?"

तिनं तोंड फिरवलं, मी तिची हनुवटी धरून माझ्याकडे वळवली.

"मी विचारतेय, कुणाला माहीत आहे?"

"घरात सगळ्यांना. दुकानदाराला. पोस्टमनला." मग खाली बघत म्हणाली, "तुझ्या मोठ्या सुनेला. मीच तिला शपथ घातली होती."

माझ्या घरात! मला न सांगता! सबंध गल्लीत कुणाकडे काय शिजतंय ते मी वासावरून सांगते, आणि माझीच मैत्रीण चार वर्षं बहिरी होत होती, ते पोस्टमनला ठाऊक. मी तेवढी राहिले. राहणारच होते. मी कधी तिला मागून हाक मारली नाही, कधी फोन केला नाही. मला तो फोन आवडतच नाही, समोरचं तोंड दिसत नाही. तिच्यासमोर बसायचं आणि ओठ हलवायचे, एवढंच मी करत आले. जगात एकटी मीच अशी होते, जिला हे कधी कळलंच नसतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू?" कांडी म्हणाली. आता ती मोठ्यानं बोलत होती, जरा जास्तच मोठ्यानं, जिन्यावरून जाणारे बघत होते. "सगळे कसे बोलतात माझ्याशी, बघितलंस कधी? सून तोंडाचा आ करते. नातू हातवारे करतो आणि कंटाळून निघून जातो. मुलगा तर बोलतच नाही, नुसता कपाळाला हात लावतो. तुझ्याकडे आले की मी बहिरी नसायचे. तेवढे दोन तास. सांगितलं असतं, तर तूही आ केला असतास."

"मी कशाला आ करू?"

"केला असतास, मुकादमीण. मला तुझा स्वभाव माहीत आहे. कान तपासायला आणखी दहा डॉक्टरांकडे फरफटवत नेलं असतंस, आणि प्रत्येक डॉक्टरशी भांडली असतीस."

ते खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला.

"मग हे गाणं कशाला? ही तिकिटं?"

 खालून घंटा झाली, माणसं आत जायला लागली. घंटा तिला कळली नाही, माणसं निघालेली दिसली, तशी ती उठली.

"म्हटलं, एवढा मोठा कर्णा," ती म्हणाली, "त्याच्या अगदी तोंडाशी बसलं, तर एखादी ओळ तरी येईल आत. एक ओळ आली असती तरी चाललं असतं गं."

"आली का?"

"छातीत धडधड येते. खुर्चीलाही येते. गाणं नाही येत."

आम्ही आत जाऊन बसलो. मध्यंतरानंतरचं पहिलं गाणं सुरू झालं, आमच्या दोघींच्या जिवाचं. पहिल्या ओळीला कांडीनं मला कोपरानं ढोसलं. "कुठलं?"

मी ओठांनी सांगितलं. तिचा चेहरा उजळला. रंगमंचाच्या उजेडात तोंड धरून मी शब्द सांगत गेले, एकेक ओळ, गायिकेच्या बरोबरीनं. कांडी गायिकेकडे पाठ करून माझ्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, "आणि आवाज? तसाच आहे का अजून?"

आता हे कसं सांगायचं? आयुष्यभर माझी जीभ कुणापुढे अडली नाही. लग्नात, मयतात, गिरणीच्या फाटकावर, कुठेच नाही. मी बोट वर नेलं, खाली आणलं. "वर जातोय," म्हटलं. "आता लांबवलाय. आता कापरा झालाय." कांडी माझ्या बोटाकडे बघत राहिली. जराशानं तिनं माझं बोट हातात धरलं आणि खाली ठेवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "तू ऐक. एकीचे तरी कान भरू देत."

आणि ती सरळ होऊन समोर बघत बसली, शहाण्या मुलीसारखी, दोन्ही हात मांडीवर. पुढची पाच गाणी मी तिच्या शेजारी बसून ऐकली. त्यातलं एकही मला आठवत नाही.

बाहेर आलो तेव्हा दिवस मावळत होता. बसथांब्यावर गर्दी होती. मी तिला एकदोन गोष्टी विचारल्या, तर ती डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मग मला उमजलं. उजेड उतरत होता. आणखी अर्ध्या तासानं माझे ओठ तिला दिसणार नव्हते. आणि बसमधला दिवा काय, असला तर असला. अंधार पडायच्या आत ती कायम घरी का पळायची, तेही आत्ता कळलं. मी समजत होते, सुनेला घाबरते.

मी तिला खांद्यांना धरून औषधाच्या दुकानापुढे ओढलं, तिथे पांढरा स्वच्छ दिवा होता. तिला समोर उभं केलं आणि उजेड माझ्या तोंडावर घेतला. ती बघत होती. पदराचं टोक तिनं मुठीत आवळून धरलं होतं. आ करायचा नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं. साच्यावर बोलायचो तसंच बोलायचं. फक्त या खेपेला आवाज गिळायचा नाही. तिला नाही तर नाही, थांब्यावरच्या लोकांना तरी ऐकू जाऊ दे, दुकानदाराला जाऊ दे.

"नीट बघ माझ्याकडे," मी म्हटलं. "तुझे कान गेले त्याचं मला वाईट वाटतंय, ते माझं मी रडेन. पण पोस्टमनला घरचा केलास आणि मला परकी केलीस. हे तू वाईट केलंस, कांडी. याची माफी तुला नाही."