कपडे घातलेली वीट

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे आणि माझ्या अंगावर कपडे आहेत. हसू नका! तुम्ही आजवर पाहिलेल्या विटा भिंतीत नाहीतर रस्त्याच्या कडेला उघड्याच पडलेल्या असतील. माझ्या अंगावर मात्र जाड हिरवं कापड आहे. त्याचे कोपरे नीट दुमडलेले आहेत आणि त्यावर एकही सुरकुती नाही. एका बाजूला खळीचे पाच डाग आहेत. त्या डागांचा मला फार अभिमान आहे. ते कसे पडले, हेच मला सांगायचं आहे.

माझा जन्म सगळ्या विटांसारखाच झाला. ओल्या मातीला साच्यात दाबलं, उन्हात वाळवलं आणि भट्टीत रचलं. आत किती दिवस होते कोण जाणे, पण एक गोष्ट तिथेच कळली. भट्टीतून अर्ध्यात बाहेर काढलेली वीट नुसत्या बोटानं चुरगळते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाडीतून उतरवताना माझा एक कोपरा उडाला. गवंड्यानं मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि बाजूला फेकलं. माझ्या बरोबरीच्या सगळ्या जणी भिंतीत गेल्या, मी बाहेर राहिले. मग मी काय काय केलं म्हणून सांगू! सायकलच्या चाकाखाली बसले, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर बसले, एका मांजरीची तर दोन वर्षं उशी होते. शेवटी एका छापखान्याच्या जिन्याखाली दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून मला ठेवलं. येणारे जाणारे ठेचकाळायचे आणि मलाच शिव्या घालायचे.

एके दिवशी एका बाई तिथे थांबल्या आणि त्यांनी मला दोन्ही हातांत तोलून पाहिलं.

"हिचं वजन अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक!

बाईंनी उभा जन्म एका ग्रंथालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त केली होती. निवृत्त झाल्यावर छापखान्याच्या वरच्या खोलीत त्यांनी शनिवारचा वर्ग काढला. हातानं वह्या-पुस्तकं कशी बांधायची, ते त्या शिकवायच्या. त्यांनी मला धुतलं, कागदात गुंडाळलं आणि वरून हे हिरवं कापड चढवलं.

त्या वर्गात प्रत्येकाला काम आहे. हाडाची पट्टी कागदाला घड्या घालते. टोचा भोकं पाडतो. मेण लावलेला दोरा शिवतो आणि ब्रश खळ लावतो. मी काय करते? मी बसते. खळ लागली की पुठ्ठा ओला होतो आणि वाळता वाळता वाकडा व्हायला बघतो. मी त्याला वाकडं होऊ देत नाही. पूर्ण वाळेपर्यंत वरून हलत नाही. बस्स, एवढंच. पण एवढं करायला धीर लागतो. नुसतं बसून राहणं किती कठीण असतं, ते तुमच्या वर्गशिक्षकांना विचारा.

पुढे वर्गात एक मोठा लोखंडी दाब आला. त्याचं चाक फिरवलं की दहा वह्या एकदम दाबल्या जायच्या. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले आणि मी कपाटाखाली गेले. वर्षभर माझ्यावर धूळ बसली. तरी मनात म्हटलं, बसायचं तर आपल्याला येतंच, इथेही बसू.

मग ती आली. आठवी-नववीतली असेल. जिना दोन दोन पायऱ्यांनी चढायची आणि शिवण्याच्या आधीच शिवून झाल्यासारखी बोलायची. बाईंनी पहिल्याच शनिवारी तिचं नाव 'घाई' ठेवलं आणि तिनं ते पदक मिळाल्यासारखं मिरवलं. त्या दिवशी लोखंडी दाब भरलेला होता, म्हणून तिच्या पहिल्या वहीवर बाईंनी मला ठेवलं. म्हणाल्या, "पुढच्या शनिवारपर्यंत राहू दे." आणि तासाभरात घाईनं मला उचललं!

पुठ्ठा दोन्ही टोकांनी वर आला.

बाईंनी वही हातात घेऊन डोळ्यांसमोर आडवी धरली. "ही वही आहे की होडी?"

"बाई, तास झाला होता!"

"अगं, ती वीट काही पळून जात नाही. तुलाच कुठे पळायचं होतं?"

वर्ग हसला. घाईही हसली आणि हसता हसता एकदम रडायला लागली. बाईंनी तिला पाण्याचा पेला दिला आणि शेजारी बसल्या. तेव्हा तिनं सगळं सांगितलं.

तिच्या घरी आई, ती आणि आईचे वडील, असे तिघं राहायचे. आजोबा तीस वर्षं बसचे वाहक होते. "चला, पुढे सरका, आत जागा आहे!" ही त्यांची आरोळी मागच्या दारापासून ड्रायव्हरच्या कानापर्यंत जायची. वर्षभरापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. काहीही विचारलं तरी ते एकाच तऱ्हेनं मान हलवायचे.

"मामा त्यांना त्याच्या गावी नेतोय," घाई म्हणाली. "त्यानं विचारलं, माझ्याकडे येता? मान हलवली. मी विचारलं, इथेच राहता? तश्शीच मान हलवली! मामा म्हणतो, बाबांनी स्वतः सांगितलं तर मी एक शब्द बोलणार नाही. पण ते सांगणार कसे?"

आईनं चित्रांचे कागद करून पाहिले होते. आजोबा चित्रावर बरोबर बोट ठेवायचे, पण सुटे कागद पंख्यानं उडायचे. कागद वहीत चिकटवले, तर वही मिटायची. त्यांना एकच हात. त्यानं वही धरून ठेवायची, की चित्र दाखवायचं?

"मामा चार आठवड्यांनी रविवारी येणार आहे," घाई म्हणाली. "मला मिटणार नाही अशी वही बांधायचीय."

बाईंनी पदरानं टेबल पुसलं. टेबल स्वच्छच होतं. मग म्हणाल्या, "उघडी शिवण शिकवते. पाठीला खळ नाही, नुसता दोरा. पान उघडलं की टेबलावर सपाट पडून राहतं, धरावं लागत नाही."

"किती दिवस लागतील?"

"शांतपणे शिवलीस तर चार शनिवार. घाईनं शिवलीस तर आठ."

आणि मित्रांनो, त्या दिवसापासून मी त्या मुलीला बदलताना पाहिलं. दोरा जास्त ओढला की कागद कापायचा, सैल सोडला की पानं डुलायची. तिनं शिवण तीनदा उसवली. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, "चालेल गं एवढं." तिनं मान वर न करता सांगितलं, "मला चालणार नाही." चित्रं चिकटवल्यावर वही फुगू नये म्हणून तिनं प्रत्येक दोन पानांमध्ये कागदाची एक अरुंद पट्टी शिवून घेतली. चित्रं तिनं स्वतः काढली. चहा, औषध, दुखणारा गुडघा, खिडकीजवळची खुर्ची, रोज दुपारी दोनला गप्पा मारायला येणारा खालच्या मजल्यावरचा शिंपी. एका पानावर मोठ्या अक्षरात 'जरा गप्प बसा' असंही होतं. ते म्हणे आजोबांना सगळ्यात जास्त लागणार होतं.

मुखपृष्ठासाठी आजोबांचा जुना खाकी गणवेश निघाला. शिंप्यानं तो कापून दिला. घाईला त्यावर खिसा ठेवायचा होता.

"खिसा नको," बाई म्हणाल्या. "विटेखाली वळ उठेल."

खिसा गेला. चौथ्या शनिवारी शेवटचं काम उरलं. पहिलं आणि शेवटचं पान पुठ्ठ्यांना आतून चिकटवायचं होतं. शेवटच्या पानावर घाईनं गंमत म्हणून आजोबांची आरोळीच लिहिली होती, आणि घरी त्यांना ते आधीच सांगूनही टाकलं होतं. खळ लावून झाली. दाब भरलेला होता आणि रविवारी खोली बंद. बाईंनी ओली वही दोन फळ्यांमध्ये बांधली आणि मला पिशवीत घातलं.

"हिला घरी ने. उद्या दुपारी दोनपर्यंत वहीला हात लावायचा नाही. आत्ता उघडलीस तर पानं फाटून हातात येतील. कोणीही आलं तरी दोन म्हणजे दोन!"

बसमध्ये वाहकानं विचारलं, "पिशवीत काय आहे एवढं?"

"वीट."

"कोणाला मारायला?"

"मामाला."

"मग पुढच्या दारानं उतर, लवकर पोचशील."

घरी मला आजोबांच्या खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं. खाली फळ्या, फळ्यांमध्ये वही. आजोबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि त्यांचं तोंड एका बाजूनं हसलं. बहुतेक त्यांनीही याआधी कपडे घातलेली वीट पाहिली नव्हती.

मामा रविवारी चारला येणार होता. आला अकराला!

"चारनंतरच्या गाडीत जागा नाही. एकच्या गाडीची तिकिटं मिळाली," तो दारातूनच म्हणाला. तो खांद्यावरची बॅगही उतरवेना. "बाबांचे कपडे भरलेत ना, ताई?"

"मामा, वही दोनला वाळेल," घाई म्हणाली. "मग आजोबा सांगतील."

"अगं, गाडी एकची आहे! आत्ता उघड की."

"दोनला."

"मी काय शत्रू आहे का त्यांचा? माझ्याकडे मोठी खोली आहे, दिवसभर माणूस आहे. इथे ते दुपारचे एकटे असतात. इथे जागा तरी कुठे आहे?"

मामा वाईट नव्हता, मित्रांनो. त्याच्या डोळ्यांत काळजीच होती. आणि मग आईसुद्धा हळूच म्हणाली, "उघड ना गं. थोडी ओली असली म्हणून काय बिघडतं?"

घाईचा हात माझ्यावर आला. बोटं माझ्याभोवती आवळली. मला ओरडता आलं असतं तर ओरडले असते, पण मी वीट. मला फक्त जड राहता येतं, म्हणून मी होईल तेवढी जड राहिले. मला भट्टी आठवली. तिला बहुतेक होडी आठवली असावी. तिनं हात काढला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून खुर्चीवर बसली.

"नाही," ती म्हणाली. "चार आठवडे शिवलीय मी ती. तीन तासांसाठी नाही फाडणार."

"मग मीच बघतो," म्हणत मामानं माझ्याकडे हात वाढवला.

तेवढ्यात माझ्यावर दुसराच हात पडला. आजोबांचा डावा! बोटांना खळ लागलेली होती, कारण न्याहारी झाल्यापासून ते फळ्यांच्या कडांतून बाहेर आलेली ओली खळ चाचपत बसले होते. तीस वर्षं चालत्या बसचा दांडा धरलेला तो हात होता. त्यांनी मला खाली दाबून धरलं आणि मामाकडे पाहिलं.

मामाचा हात तिथेच थांबला. "बाबा?" तो म्हणाला.

एकची गाडी गेली. आईनं चहा केला. मामा दारापाशी उभा राहूनच प्यायला. पावणेदोनला शिंपी वर आला, कॉलरला सुई तशीच टोचलेली. दोनला घाईनं मला उचललं, फळ्या सोडल्या आणि वही आजोबांपुढे ठेवली. पुठ्ठा अगदी सरळ होता.

आजोबांनी डाव्या हातानं वही उघडली आणि हात हवेत उचलून पाहिला. पान हललं नाही. त्यांनी दुसरं पान उलटलं, हात उचलला. तेही हललं नाही.

"बाबा," मामानं विचारलं, "माझ्याकडे येता?"

आजोबांनी नेहमीसारखी मान हलवली. मामानं आईकडे पाहिलं. पण आजोबा पानं उलटत होते. त्यांनी चहावर बोट ठेवलं.

"चहा हवाय, एवढंच," मामा म्हणाला.

आजोबांनी जोरात पान उलटलं आणि 'जरा गप्प बसा'वर बोट आपटलं. शिंपी खो खो हसला. मग बोट खिडकीजवळच्या खुर्चीवर गेलं. मग शिंप्याच्या चित्रावर. मग पुन्हा खुर्चीवर, आणि तिथेच राहिलं.

मामाचा आवाज खाली आला. "पण बाबा, दोन खोल्यांत तुम्ही तिघं. इथे जागा कुठे आहे?"

आजोबांनी सगळी पानं एकदम उलटली. शेवटचं पान उघडलं. सकाळपर्यंत ओलं असलेलं आणि आता पुठ्ठ्याला घट्ट धरून असलेलं ते पान. त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवलं.

चला, पुढे सरका, आत जागा आहे!

मग ते बोट मामाकडे वळलं, दारापाशी खांद्याला बॅग अडकवून उभ्या असलेल्या मामाकडे, आणि तिथून शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे. मामा जागचा हलेना.

"सरका हो," शिंपी मागून म्हणाला, "मागे लोक खोळंबलेत!"

मामानं बॅग खाली ठेवली आणि तो स्टुलावर येऊन बसला. आजोबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. संध्याकाळच्या गाडीनं तो एकटाच परत गेला, उभ्यानं. जाताना त्यानं आईला विचारलं की दुपारसाठी इथेच एखादा माणूस मिळेल का, पैसे तो पाठवेल.

पुढच्या शनिवारी घाईनं मला वर्गात परत आणलं. माझ्यावर आजोबांच्या बोटांचे पाच पांढरे डाग होते. बाईंनी नवं कापड काढलं, पण घाईनं ते परत कपाटात ठेवलं. आता मी कपाटाखाली नसते, टेबलावर असते. नव्या मुलींना उघडी शिवण घाईच शिकवते, आणि कोणी चुळबुळ केली तर त्यांच्या वहीवर स्वतःच्या हातानं मला ठेवते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं सुटलेल्या पानांचं पुस्तक असेल. ते रद्दीत टाकू नका, शिवायला शिका. उसवावं लागलं तर उसवा आणि पुन्हा शिवा. एखाद्याचं बोलणं समजत नसेल, तर त्याच्या वतीनं ठरवून टाकण्याआधी थोडं थांबा. आणि ओल्या वहीवर मी बसलेली दिसले, तर मला उचलण्याआधी घड्याळ बघा. मी कुठेही पळून जात नाही.