झोपलेल्या सायकलचा बाण

साहेब, आमच्या चार सायकलींची चाकं तुम्ही उलटी करायला लावलीत. चुकून नाही. तुम्हाला सांगितलं होतं, समोर उभं राहून, तीन वेळा. तरी लावलीत, आणि वर नटांना लाल रंग फासून गेलात. कुणी पाना लावला तर रंग फुटावा, तुम्हाला कळावं.

पाना मी लावला. मी एनेलेसी, ओढ्याकाठच्या वस्तीत सायकली दुरुस्त करते. तुमच्या नोटिशीत लिहिलंय, खुलासा करावा. हा घ्या. लांब आहे, बसून वाचा.

माझं दुकान म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. सायकल दुरुस्तीला आली की आम्ही तिला झोपवतो. सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं वर. माझे वडील असंच म्हणायचे, "झोपव तिला." लहानपणी मला वाटायचं, तिला खरंच झोप लागते. मी हातानं पेडल फिरवायचे, चाक हवेत गरगरायचं, आरे दिसेनासे व्हायचे, आणि त्या रिकाम्या गोलातून पलीकडचे चहाचे मळे दिसायचे, पाण्याच्या तळाशी असल्यासारखे. सायकल कुठंतरी निघालेली असायची. रस्ता तिच्या वर असायचा, आभाळात. अजूनही मी हातातलं काम विसरून तेवढंच बघत बसते. मग गिऱ्हाईक ओरडतं, "एनेलेसीताई, ती झोपलीय. तुम्ही कशाला झोपताय?"

तुम्ही तपासणीला आलात त्या दिवशी दवाखान्याची सायकल झोपलेली होती. तिच्या मागं दोन चाकांची खाट जोडतात. आमच्या वस्तीतून आजारी माणसं, अडलेल्या बायका तिच्यावरच चढ चढून वर मळ्याच्या दवाखान्यात जातात. दुसरं काही जात नाही. तिचे नवे टायर मीच बसवले होते. टायरच्या कडेला बाण असतो, चाक कुठल्या बाजूला फिरायचं ते सांगणारा. तुम्ही वाकलात. वर आलेला बाण बघितलात. त्याचं तोंड मागं होतं.

"बाई, हे उलटं बसवलंय."

"नाही साहेब. ती झोपलीय."

"कोण?"

"सायकल. उभी असताना जे खाली असतं ते आत्ता वर आलंय. चाकाचा खालचा भाग मागंच जातो. थांबा, फिरवून दाखवते."

मी पेडल फिरवलं. चाक बघणं तर सोडाच, तुम्ही मानही वर केली नाहीत. तुमच्या हातात कागद होता. "इथं स्पष्ट आहे. बाण पुढे हवा."

"साहेब, एकदा उभी करून बघा ना," वायलेसी म्हणाला. ती सायकल तोच चालवतो. त्याच्या नावाचा अर्थ रेडिओ, आणि हा रेडिओ बंद करायचं बटण त्याच्या आईलाही सापडलेलं नाही.

"तू गप्प बस."

"बसतो. पण साहेब, तुम्हाला उताणं झोपवलं आणि पुढं कुठं असं विचारलं, तर तुम्ही काय आभाळ दाखवाल?"

लोक हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू? मला वाटतं, टायर त्या हसण्यानं उलटे झाले. तासाभरात तुमच्या माणसानं चारही सायकलींचे टायर काढून फिरवून बसवले. मग लाल रंग. मग तुम्ही म्हणालात, "रंग फुटलेला दिसला तर तुमचा परवाना गेला."

कोरड्या रस्त्यावर कुणाला काही कळलं नाही. नऊ दिवस चाकं फिरली. मग चिपेरोनी उतरली.

आमच्याकडे थंडीत ती येते आणि पाचपाच दिवस जात नाही. तिला पाऊस म्हणता येत नाही, धुकं म्हणता येत नाही. ती आली की डोंगर जातो, मळे जातात, शेजारचं घरसुद्धा जातं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीवर तूर शिजत ठेवली होती, तेव्हा आतून माझी बहीण मेलिफा म्हणाली, "ताई, पाणी गेलं." मला वाटलं घागर फुटली. मग तिचा चेहरा बघितला, पोटाखाली धरलेले हात बघितले.

वायलेसी सायकल घेऊन आला. आम्ही मेलिफाला खाटेवर निजवलं, वर प्लॅस्टिक ताणलं. तो पुढून ओढत होता, मी मागून ढकलत होते. पांढऱ्यात शिरलो. दोन्ही बाजूंना चहाची झुडपं असणार, पण दिसत नव्हती. वायलेसीची पाठ दिसत होती आणि तीही मधूनच जात होती. त्याचा आवाज मात्र चालू होता. आपण चाललोय की तिथंच पाय हलवतोय ते कळेना. लाल माती पायाला धरायची आणि सोडताना ओठ वाजवल्यासारखा आवाज करायची.

चढाच्या निम्म्यात चाकं थांबली. घसरली नाहीत, थांबली. टायरच्या खाचा सुलट्या असल्या की चिखल बाहेर फेकतात. उलट्या बसवल्या की तोच चिखल आत ओढतात. चाक धरणाऱ्या चिमट्यात आणि मडगार्डखाली विटेसारखा चिखल बसला होता. काठीनं काढला. वीस पावलं गेलो. परत बसला. परत काढला. बारा पावलं.

"उचलून नेऊ," मी म्हणाले. आम्ही खाट उचलली आणि दोघंही गुडघ्यांवर आलो. मेलिफा किंचाळली. परत उचलायची हिंमत माझ्यात नव्हती.

वायलेसी गप्प झाला. मी त्याला गप्प पहिल्यांदाच बघत होते. चिपेरोनीपेक्षा त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"किती वेळ लागेल?" शेवटी त्यानं विचारलं. काय ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

"दोन्ही टायर? अर्धा तास."

"आणि परवाना?"

"खाट सोडव आधी."

आम्ही सायकलला चिखलात झोपवलं. पाना, चमचे आणि पंप तिच्या पिशवीत असतातच. नटांवर पाना ठेवला, जोर दिला. लाल रंगाचा टवका उडून माझ्या मनगटावर बसला. हवा सोडली, चमच्यांचे दांडे घालून टायर रिमवरून काढला. बोटं गारठली होती, ती दुसऱ्याच कुणाची तरी असल्यासारखी काम करत होती. मागून मेलिफाचा श्वास ऐकू यायचा, मग थांबायचा, आणि तो परत सुरू होईपर्यंत माझे हातही थांबायचे.

पहिलं चाक बसवलं आणि नीट बसलंय का बघायला फिरवलं. कर्रर्र आवाज धुक्यात गेला.

"ताई," मेलिफा म्हणाली, "अजून एकदा."

"काय?"

"फिरव. बरं वाटतं ऐकायला."

मी फिरवलं. चाकावरचे पाण्याचे थेंब उडून गोल उभा राहिला, पांढऱ्यातला आणखी पांढरा. आम्ही तिघं त्यात बघत होतो. किती वेळ, माहीत नाही. मला त्या गोलात रस्ता दिसला, कोरडा, उन्हातला, आणि त्यावरून माझी आई डोक्यावर मक्याचं पीठ घेऊन येताना दिसली. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. मेलिफा म्हणाली, "आईनं चप्पल नाही घातली." मी तिला काही सांगितलं नव्हतं. साहेब, हे तुमच्या फायलीत बसणार नाही, तरी लिहिते. घडलं ते लिहिते.

मग कळ आली आणि ती ओरडली, आणि मी दुसरं चाक काढलं.

उभ्या सायकलवर मी वरचा बाण हातानं चाचपून बघितला. पुढं होता. आम्ही निघालो. खाचांमधून चिखल दोन्ही बाजूंना उडायला लागला, माझ्या तोंडावर, प्लॅस्टिकवर. वायलेसी परत बोलायला लागला. काय बोलत होता ते आठवत नाही. ते थांबू नये एवढंच मला वाटत होतं. चाक एकदाही अडलं नाही.

दवाखान्यात नर्सबाई हातमोजे शोधत होती तोवर मूल आलं. निळं होतं. तिनं त्याला उलटं धरलं, पाठीवर मारलं, परत मारलं. मग रडलं. मुलगी आहे. मेलिफा बरी आहे, मक्याच्या पिठाची न्सिमा खाते, मला शिव्या देते.

रंग मी फोडला. परवाना घ्या. मी पत्र्याखालून उठून झाडाखाली बसेन, लोक तिथं येतील.

पण मूल झाल्यावर चौथ्या दिवशी तुमची माणसं येऊन ती सायकल पुरावा म्हणून घेऊन गेली, खाटेसकट. तुमच्या गोदामात तिला साखळी घातलीय. खिडकीतून मी बघितली. मी चौकशीला आले तर तुमचा कारकून म्हणाला, "कागद वर गेलेत, ताई. पुढच्या महिन्यात या."

आमच्या शेवटच्या घरातली लिसिनेती नवव्या महिन्यात आहे. एकोणीस वर्षांची. तिची आई रोज माझ्या पत्र्याखाली येऊन बसते, चिपेरोनी उतरते का ते बघते.

म्हणून मला बाणाबद्दल काही लिहू नका. माफी नको, चौकशी नको. ती सायकल कधी सोडताय? वार सांगा.