छातीवरचं औषध

मी क्लावो बोलतोय. वजन जेमतेम दोन किलो, कान वटवाघळासारखे. मेक्सिकोतल्या आमच्या ओरिसाबा गावात माझ्यासारखं चिमुकलं कुत्रं हौसेने पाळत नाहीत. दमेकऱ्याच्या छातीशी झोपवायला पाळतात. आम्ही दमा आपल्या अंगात ओढून घेतो म्हणे.

कूकाबाईंनी मला आणलं ते लेकीसाठी, निएवेससाठी. ती घरी शाळेचे गणवेश शिवायची. दिवसभर मी तिच्या मांडीवर, झोपताना गळ्याशी. तिचा श्वास शिट्टी घालू लागला की मी जास्तच बिलगायचो. मला काय ठाऊक?

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "कुत्र्याच्या अंगावरच्या कोंड्यानेच हिच्या श्वासनळ्या आवळतात. त्याला घराबाहेर काढा. आणि या दोन गोळ्या रोज द्या, दोन्ही. एक ॲलर्जी शमवते, दुसरी नळ्यांची सूज. एकटीला झेपत नाही ते दोघी मिळून करतात."

कूकाबाईंनी गोळ्या आणल्या, पण मला काढलं नाही. महिन्याभरात निएवेस न थांबता जिना चढली.

"आई, गोळ्या लागू पडल्या गं."

"गोळ्यांचं काय सांगतेस? राबतो तो हा. दोन-दोन औषधं हवीत कशाला? एक गोळी, एक क्लावो. झाली की जोडी."

"मग उद्यापासून यालाच पाण्याबरोबर गिळते," निएवेस हसली. पण तिने ऐकलं. एक गोळी बंद झाली.

तीन आठवड्यांत शिट्टी परतली. कूकाबाईंनी मला तिच्या गळ्याशी आणखी घट्ट दाबून धरलं. तिचे ओठ निळे पडले तेव्हाही मी तिथेच होतो. शेजाऱ्याच्या ट्रकमधून तिला नेलं. आणलं ते शवपेटीतून.

नऊ दिवसांची प्रार्थना संपली आणि शेजारची एर्लिंदा आली. तिच्या धाकटीलाही धाप लागते.

"काकू, क्लावोला द्याल?"

"ने बाई. माझ्या पोरीसाठी झटला हा. तिचा दमाच याच्याहून मोठा निघाला."

एर्लिंदाने मला शालीत गुंडाळलं. मी तिचा अंगठा फोडला. जन्मात कुणाला चावलो नव्हतो.

"पिसाळलाय मेला," म्हणत तिने मला टाकलं आणि निघून गेली.

आता मी गच्चीवर, साखळीला. कुणी हात लावत नाही. निएवेसच्या गळ्याची ऊब आठवते. एर्लिंदा खालून जाताना दिसली की मी भुंकतो. तिला वाटतं, डूख धरून आहे. बाई, पोरीला डॉक्टरिणीकडे ने. ती देईल ते सगळं दे. त्यातल्या एकाच्याही जागी मला बसवू नकोस.