डाव्या हाताला जमेल असं

सकाळी सव्वादहाला धाकट्याने हनुवटीने कीबोर्डची कळ दाबली. ताई चहाचे कप घेऊन दारात आली होती. ती जागच्या जागी थबकली.

हिवाळ्यात त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. बोलणं परत आलं, चालणं आलं. उजवा हात मात्र अजून रुसलेलाच. दोघंही भावंडं प्रोग्रॅमर. त्याच्या ऑफिसने आठवड्यापूर्वीच कळवून आज घरून करायला एक काम दिलं होतं: जुन्या प्रोग्रॅममधली एक चूक संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून पाठवायची. जमलं तर कामावर परत. नाही तर ‘पुढे बघू’. त्या ‘पुढे बघू’चा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून आठवडाभर ताई त्याच्या संगणकासाठी मदतनीस ॲप्स पारखत होती. माऊसला हात न लावता फाइल उघडून देणारी, दोन अक्षरं टाइप केली की अख्खी ओळ लिहून टाकणारी. शेवटी दोन उरली. एक देखणं, चपळ, सगळे प्रोग्रॅमर ज्याचे गोडवे गातात असं. दुसरं कुणा एकट्याने बनवलेलं, राखाडी, ढब्बू. तिने देखणं घेतलं, त्यात एकेक शॉर्टकट, म्हणजे एका कामासाठी दाबायची कळांची जोडी, बसवला आणि प्रत्येक स्वतः वापरून पाहिला.

दोन्ही हातांनी.

“हनुवटीचं हे कधीपासून?” तिने विचारलं.

“परवापासून. जमतं गं. कीबोर्डला दाढी टोचते एवढंच.”

“दात काढू नकोस. बोलला का नाहीस, गाढवा?”

“तू इतक्या हौसेने लावून दिलंस.” तो स्क्रीनकडे बघत राहिला. “आणि मला वाटलं, ॲप चांगलंच आहे. मलाच जमत नाहीये.”

ते ताईच्या जिव्हारी लागलं. कळांच्या जोड्या कीबोर्डच्या दोन टोकांना होत्या आणि एकदम दाबायच्या होत्या. तिची बोटं आपसूक पोचायची, म्हणून हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिने जोड्या बदलून पाहिल्या, अर्ध्याअधिक बदलेनात. राखाडी ॲपमध्ये कळा एकामागून एक दाबल्या तरी चालायच्या. पहिली दाबली की ते दुसरीची वाट पाहत थांबायचं. सुस्त म्हणून तिने त्याला बाद केलं होतं ते नेमकं याच पायी.

“ढब्बूला बोलाव परत,” धाकटा म्हणाला. “मला कुठे घाई आहे?”

“संध्याकाळपर्यंतची आहे.”

“हो, तेवढी आहे.”

त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसत तिने राखाडी ॲप संगणकावर घेतलं. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला आणि प्रत्येक शॉर्टकट नुसत्या डाव्याने वापरून पाहिला. तिचा डावा हात त्याच्याहून अडाणी निघाला. तिसऱ्यांदा चुकल्यावर त्याने तिचं बोट उचलून योग्य कळेवर ठेवलं.

“असं, ताई. सावकाश.”

दुपारी तो कामाला बसला. तो अडला की ताईचा हात कीबोर्डकडे जायचा. “हात आवर,” तो न बघता म्हणायचा आणि ती आवरायची. चहा दोनदा गार झाला. पाचच्या सुमाराला त्याने दुरुस्ती पाठवली.

सहा वाजता, काम तपासणाऱ्या ऑफिसच्या मॅडमनी ती उघडल्याची खूण स्क्रीनवर दिसली. सात वाजून गेले तरी त्यापुढे काही आलेलं नव्हतं.