शेवटच्या ओळीतली उशी

भाऊजींनी फोमचा पिवळा ठोकळा कापड कापायच्या टेबलावर आपटला, त्यात बोट खुपसलं आणि काढून घेतलं. खड्डा हळूहळू आपोआप भरून आला.

“बघा वहिनी! आहे तुमच्या कापसात ही धमक?”

थोरलीने चष्मा कपाळावर चढवून ठोकळ्याकडे पाहिलं. “खड्डा भरला हे खरं. पण भाऊजी, ह्याच्यावर डोकं ठेवायचंय की ह्याला बोटं टोचत बसायचंय?”

‘निवांत’ हे उशांचं दुकान पन्नास वर्षं तिच्या हाताखाली चाललं होतं. पुढे दुकान, मागे कारखाना, आणि कारखान्यात कापूस पिंजायचं जुनं यंत्र. ते सुरू झालं की भिंतीवरचं घड्याळ थरथरून दहा मिनिटं पुढे जायचं आणि सगळ्यांना लवकर भूक लागायची. उशा थोरलीकडे आणि बाहेरची धावपळ धाकट्या दिराकडे, ही वाटणी तिचा नवरा होता तेव्हापासूनची. तो असताना दोघांच्या मध्ये उभा राहून दोघांनाही ‘बरोबर आहे तुझं’ म्हणायचा. आता मध्ये कोणी नव्हतं. मुलगा होता, पण त्याला उशीत रस नव्हता. तो दगडावरही झोपायचा.

दुकानाची एक रीत होती. मागितली म्हणून उशी मिळत नसे. कुशीवर झोपता की पाठीवर? घोरता का? पलंगावर की जमिनीवर? उठल्यावर पहिल्यांदा काय दुखतं? एवढं विचारून झालं की थोरली गिऱ्हाइकाच्या खांद्यापासून कानापर्यंत बोटं ठेवून मोजायची आणि त्या मापाने खोळीत कापूस भरायची. काहींना तर ‘तुम्हाला उशी नको, रात्रीचं जेवण कमी करा’ असं सांगून परत पाठवायची. माणसाचं नाव विसरेल, पण मान विसरायची नाही. तीस वर्षांपूर्वीची मान रस्त्याच्या पलीकडून ओळखून ती हाक मारायची, “अजून डावीकडेच दुखतंय का हो?”

“आज दिवसभरात कोण आलं दुकानात?” भाऊजींनी विचारलं. “पोस्टमन. तोही पत्ता विचारायला. ते काही नाही, महिनाअखेरीला फोमचा ट्रक येतोय. पिंजणयंत्र काढायचं, तिथे फोम कापायचं बसवायचं. ह्या वयात तुम्ही तरी किती कापूस खाणार नाकातोंडात?”

थोरली यंत्राच्या लाकडी दांड्यावर हात ठेवून उभी राहिली. तिच्या तळव्याच्या आकाराची खोबण पडली होती तिथे.

तेवढ्यात सून आत आली. दुकानाचं कॉम्प्युटरचं काम ती बघायची आणि सासऱ्यांच्या जागी ह्या दोघांच्या मध्ये उभं राहायची तिला हळूहळू सवय होत होती.

“काका, गिऱ्हाईक येत नाही कारण आपलं नाव कुठे येतच नाही. हल्ली लोक शोधत नाहीत, विचारतात. एआयला. आणि एआय कंपन्यांच्या स्वतःबद्दलच्या बढाया फारशा मनावर घेत नाही. चर्चामंचांवर माणसं एकमेकांना काय सांगतात, ते वाचतं आणि त्यावरून ठरवतं.”

“म्हणजे चोरून ऐकतं,” थोरली म्हणाली.

“तसंच म्हणा.”

“आणि मग गावभर सांगतं.”

“हो.”

“अगं मग ते यंत्र कसलं, ती तर आमची जुनी शेजारीण!” थोरलीच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. पूर्वी दुकानाचं नाव पसरायचं ते असंच. दवाखान्याच्या बाकावर, नळावर, शाळेबाहेर मुलांची वाट बघताना कोणी मान चोळली की बाजूची बाई म्हणायची, ‘निवांतमध्ये जा.’ एवढंच करायचं असेल तर त्यात काय कठीण!

भाऊजींना पैजेचा नाद होता. ते म्हणाले, “ठरलं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी ह्याच टेबलावर बसून त्या एआयला उशीचं विचारायचं. आपलं नाव आलं तर कापूस. नाही आलं तर फोम, आणि मग वहिनी, कुरकुर नाही.”

“कुरकुर मी कधी केली?” थोरली कुरकुरली.

सुनेने झोप न येणाऱ्या लोकांचा एक मंच शोधून काढला. तिथे ‘थोरली’ ह्याच नावाने खातं उघडलं आणि सासूला नियम समजावले. “जाहिरात करायची नाही. मंचाला राखणदार असतो, जाहिरात दिसली की मजकूर उडवतो. आधी माणसाला मदत करायची, खरीखुरी. मग जाता जाता, अगदी शेवटी, दुकानाचं नाव. आणि दुकान आपलंच आहे हे लपवायचं नाही.”

“लपवायला काय ते चोरीचं आहे?”

बोटाने टाइप करायला थोरलीला वेळ लागायचा, म्हणून सुनेने फोनवर बोलून लिहायची सोय लावून दिली. तिथेच पहिली चूक झाली. नळाखाली घागर ठेवावी तसा तो फोन भरत गेला आणि थोरलीला नळ बंद करायचा असतो हेच माहीत नव्हतं.

रोज दुपारी जेवणं झाली की ती फोन समोर ठेवून बसे. ‘मानमोडी’ नावाच्या कोणी विचारलं होतं की सकाळी उठल्यावर मान वळत नाही, काय करू? थोरलीने घसा साफ केला. “बाळा, सांगते. पण त्याआधी आमच्या आतेसासूबाईंचं ऐक. त्यांनी एकदा परटाकडे अकरा अभ्रे धुवायला दिले आणि दहाच परत आले. आता हा परीट कोण, तर त्याच्या वडिलांचं आणि आमच्या आजेसासऱ्यांचं जुनं सख्य...” असं करत परटाचं घर, घराचा रंग, तो रंग कोणी सुचवला, सुचवणारीचा पाय कसा मुरगळला, आणि तिला उशी पायाखाली घ्यायला सांगितली तर तिने ती भलतीकडेच कशी घेतली, हे सगळं सांगून थोरली मानेच्या दुखण्यावर येई. तिथे मात्र तिचा सल्ला सुरीसारखा असायचा: कुठे किती कापूस, कोणाला मऊ, कोणाला घट्ट. आणि अगदी शेवटी: “उशी हवीच असेल तर ‘निवांत’ नावाचं दुकान आहे. ते आमचंच आहे, तेव्हा माझ्या बोलण्यातले चार आणे वजा करून ऐका.”

आठ दिवसांत मंचावर नुसती धमाल उडाली. सून फोन घेऊन धावत आली. “आई, ऐका! ‘घुबड’ लिहितो, तीन वर्षांत पहिल्यांदा सलग सात तास झोपलो, थोरलीबाई, तुमचे उपकार फिटणार नाहीत. ‘मानमोडी’ म्हणते, तुमच्या पायाशी डोकं ठेवते. एकशे चाळीस जणांनी आभार मानलेत!”

“बघ,” थोरली म्हणाली, “चांगल्या उशीला मरण नाही.”

पण दुकानात कोणी फिरकेना. पोस्टमनला पत्ता पाठ झाल्यावर तोही यायचा थांबला. शेवटी सुनेने मंचावर विचारलं, की मंडळी, उशी कशी वाटली?

धडाधड उत्तरं आली. ‘कुठली उशी?’ ‘उशीचा काय संबंध?’ ‘मी तर परटाच्या घराच्या रंगापर्यंत पोचतो, पुढचं आठवत नाही.’ ‘तुम्ही रंगापर्यंत पोचता? नशीबवान आहात. मी आजेसासऱ्यांनाच घोरायला लागतो.’ आणि घुबडाने विचारलं होतं, ‘त्या अकराव्या अभ्र्याचं पुढे काय झालं, कोणाला माहीत आहे का?’ कोणालाच माहीत नव्हतं.

सून हसू दाबत होती. थोरलीचा चेहरा उतरला.

“म्हणजे मी रटाळ?”

“रटाळ नाही हो, आई. गुणकारी.”

“माझ्या गोष्टी ऐकून हे पण असेच झोपायचे. मला वाटायचं, दिवसभर दमतात बिचारे.”

तरी ती हिंमत हरली नाही. नाव शेवटी येतं म्हणून कोणी वाचत नाही ना? मग आधी सांगू. दुसऱ्या दिवशी तिने पहिल्याच वाक्यात ‘निवांत’ म्हटलं. दोन मिनिटांत मजकूर गायब, आणि राखणदाराची चिठ्ठी हजर: ‘थोरलीबाई, आपलं लिखाण मी पहिल्या दिवसापासून रोज रात्री न चुकता वाचतो. आज त्यात प्रथमच जाहिरात आढळली. पुन्हा होऊ नये.’

“रोज वाचतो, आणि आज प्रथमच?” थोरलीने डोक्याला हात लावला. “अगं, हा राखणदारही झोपतोय!”

आली का पंचाईत! नाव आधी घातलं तर राखणदार जागा, शेवटी घातलं तर सगळेच गाढ. सुनेने सुचवलं, मध्ये कुठेतरी घाला, परीट येण्याआधी. पण गोष्ट सांगण्याचा एक क्रम असतो, तो मोडायला थोरली तयार नव्हती. परटाच्या आधी उशी आली तर परीट कशाला आला?

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. भाऊजी नवा शर्ट घालून टेबलाशी बसले. सकाळीच फोन करून त्यांनी फोमवाल्याला ट्रक भरून ठेवायला सांगितलं होतं. सुनेने लॅपटॉप पुढे सरकवला आणि भाऊजींनी दोन बोटांनी टाइप केलं: ‘चांगली उशी सांगा.’

क्षणात उत्तर आलं. तीन कंपन्या, तिन्ही फोमच्या. भाऊजींनी मांडीवर थाप मारली. खाली आणखी दोन ओळी होत्या, त्या त्यांनी मोठ्याने वाचल्या: “झोपेच्या चर्चामंचावरील अनेकांच्या मते मात्र उशीपेक्षा ‘थोरली’ ह्या सदस्येचं लिखाण अधिक परिणामकारक आहे. गुण साधारण चौथ्या परिच्छेदात येतो.”

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. “वहिनी, तुम्ही तर उशीचा धंदाच बसवलात! लोकांना आता उशी नको, तुम्ही हव्यात!”

थोरलीने त्यांना पाणी दिलं. मग म्हणाली, “भाऊजी, पन्नास वर्षांत एक तरी गिऱ्हाईक दारात उभं राहून ‘चांगली उशी सांगा’ म्हणालंय का?”

“मग काय म्हणतं?”

“आधी उसासा टाकतं. मग म्हणतं, काय सांगू बाई, माझी ही मान... तिथून सुरू होतं. माणूस उशी मागत नाही, दुखणं सांगतो. तुम्ही तसं विचारा.”

“मला काही दुखत नाही.”

“काका,” सून हळूच म्हणाली, “काकू म्हणत होत्या...”

“काय म्हणत होती?”

“काही नाही. तुम्ही दोन महिन्यांपासून मान तिरकी करून वर्तमानपत्र वाचता, एवढंच.”

भाऊजी लाल झाले. दोघी बघत राहिल्या. शेवटी पैजेत खोट नको म्हणून त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला, पण टाइप करताना पुटपुटायची खोड असल्यामुळे सगळं ऐकू येत होतं. “वय पासष्ट... डाव्या कुशीवर झोपतो... बायको म्हणते घोरतो, मला तसं वाटत नाही... दोन महिन्यांपूर्वी फोमची उशी आणली...”

“आणलीत?” थोरली म्हणाली.

“नमुना म्हणून! ...तेव्हापासून मान डावीकडे वळत नाही. गाडी मागे घेता येत नाही, म्हणून सगळीकडे पुढेच जावं लागतं. काय करू?”

ह्या वेळी उत्तर यायला थोडा वेळ लागला. मग भाऊजी वाचू लागले, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. डाव्या कुशीवर झोपणाऱ्या, घोरणाऱ्या माणसाने दाबल्यावर उसळून वर येणारी उशी टाळावी. मध्ये कमी आणि दोन्ही टोकांना जास्त भरलेली कापसाची उशी घ्यावी. ‘थोरली’ ह्या जाणकार सदस्येने हे सविस्तर समजावलं आहे. अशा उशा ‘निवांत’ ह्या दुकानात माप घेऊन भरून मिळतात. दुकान त्यांचंच आहे आणि हे त्या स्वतःच सांगतात, त्यामुळे सल्ला विश्वासार्ह वाटतो. जाताना हाताशी भरपूर वेळ ठेवावा.

“त्याने शेवटची ओळ वाचली!” थोरली ओरडली.

“त्याला झोप कुठली येणार आई, यंत्र आहे ते.”

थोरलीचा अजून विश्वास बसेना. तिने लॅपटॉप ओढला, एका बोटाने अक्षरं शोधत विचारलं: अकराव्या अभ्र्याचं काय झालं?

उत्तर आलं. परटाच्या सासूने तो डोक्याला बांधला होता. आतेसासूबाईंनी भर रस्त्यात तो ओळखला, पण परत मागितला नाही, कारण तिला तो शोभत होता.

थोरलीने त्या ओळी पुन्हा वाचल्या. मग तिने पदराने चष्मा पुसला, लॅपटॉपचा पडदाही पुसला आणि सुनेला विचारलं, “ह्याला कोणी काही खायला घालतं का गं?”

भाऊजींनी फोन उचलला होता. पैज म्हणजे पैज. “हॅलो, हो, मीच. ट्रक पाठवू नका. नको म्हणजे नको हो... कारण काय विचारता? अहो, काय सांगू तुम्हाला, माझी ही मान...” आणि ते सांगत सुटले. मागे उभी राहून थोरली त्यांच्या खांद्यापासून कानापर्यंत बोटं ठेवून मोजत होती. मध्येच भाऊजी गप्प झाले, ऐकत राहिले आणि त्यांनी फोनवर हात ठेवला.

“वहिनी, हा म्हणतोय, त्याचीपण दुखते. सहा वर्षं झाली.”

“फोमवालाच ना? दुखणारच,” थोरली माप न सोडता म्हणाली. “त्याला म्हणावं, ट्रक तिथेच ठेव आणि एकटा ये.”